कुइता मासा नव्हे

डोळे मिट आणि पाय गुडघ्यापर्यंत खाऱ्या पाण्यात सोड. पहाटेची ओहोटी आहे, प्रवाळाचे खडक पाठ वर काढून बसले आहेत. तुझ्यासमोर एक दणकट बाई मऊ, करडं, लोंबणारं काहीतरी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलते आहे आणि खडकावर आपटते आहे. पुन्हा उचलते, पुन्हा आपटते. धोबी चादर आपटतो तशी. आता सांग, ती काय आपटते आहे?

‘मासा’ असं तुझ्या तोंडात आलं असेल तर सेरेइमाने तुला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं असतं, ओठांचा एक कोपरा खाली ओढला असता आणि ‘डोंगरातलं येडं’ म्हणून तुझ्याकडे पाठ फिरवली असती. याहून वाईट शिवी तिच्यापाशी नव्हती.

“हे काय आहे?” तिने आपटणं न थांबवता विचारलं.

“कुइता,” केलेरा म्हणाली. ती नऊ वर्षांची होती, सेरेइमाच्या धाकट्या भावाची मुलगी. टोपली डोक्यावर उलटी घालून ती उन्हाची वाट बघत उभी होती.

“मासा का?”

“नाही, आत्या.”

“का नाही?”

“काटा नाही. खवलं नाहीत. शेपूट नाही. मासा जाळ्यात येतो, कुइता भोकात हात घालून ओढून काढावी लागते. आठ हात असतात आणि आठही हातांनी ती नाही म्हणते.”

शेवटचं वाक्य सेरेइमाने शिकवलेलं नव्हतं. तरी तिने ते चालवून घेतलं.

“आणि तिला मासा कोण म्हणतं?”

केलेराने टोपली डोळ्यांवर ओढली. उत्तर दोघींना ठाऊक होतं. तिला मासा म्हणणारी बाई त्या वेळी घरामागे चूल पेटवत होती, आणि ती केलेराची आई होती.

विनियाना या गावात आली त्याला दहा वर्षं झाली होती. बेटाच्या मधोमध जो डोंगर आहे, त्याच्या खांद्यावरच्या गावातून ती आली. पहिल्याच आठवड्यात बायका तिला खडकांवर घेऊन गेल्या. परत येताना टोपलीत दोन हेकरू, पाच-सहा बोय, एक खेकडा, एक कुइता आणि मूठभर शिंपल्या होत्या. टोपलीत डोकावून नवी नवरी कौतुकाने म्हणाली, “बाई गं, किती मासे.” बायका हसून हसून पाण्यात बसल्या. सेरेइमा हसली नाही. तिने टोपली उचलली, आणि त्या दिवसापासून भावजयीला समुद्राची पायरी उतरू दिली नाही. कसावा सोलायला, चटया वाळत घालायला, भांडी घासायला हात चालत होते, तेवढं पुरे होतं.

“मासा हे काही नाव नव्हे,” ती केलेराला सांगायची. “ते टोपलीचं झाकण आहे. झाकणावर बोट ठेवून आत काय आहे ते कळतं का? मासा म्हणालीस तर मी विचारणार, कुठला. हेकरू म्हणालीस तर विचारणार, हेकरूतला कुठला. कसाला म्हणालीस की मी गप्प. कसाला हा हेकरूच असतो, पण दिसेल तो हेकरू कसाला नसतो. डोंगरातली माणसं आयुष्यभर झाकणावर बसून राहतात.”

केलेरा भराभर शिकली. एकच मासा बोटाएवढा असताना त्याचं नाव वेगळं, वीतभर झाला की वेगळं, हातभर झाला की तिसरंच. ही सगळी नावं तिला पाठ होती. अडचण एवढीच होती की ती प्रश्नही विचारायची.

“आत्या, मग कासव?”

“कासव मासा आहे.”

“त्याला पाय आहेत.”

“असू देत.”

“आणि खवलं नाहीत. आणि ते वाळूत अंडी घालतं. आणि ते—”

“कासव मासा आहे. प्रमुखांच्या पानातला मासा आहे. माझ्या आजीच्या आजीपासून आहे. त्याला पाय आहेत म्हणून तू त्याला माशांतून काढणार काय?”

केलेराने मान हलवली. पण ती मान हो म्हणून हलली की नुसती हलली, हे सेरेइमाला कळलं नाही. तिने कुइता पाण्यात बुचकळून काढली आणि पुन्हा आपटायला घेतली. आज ती मऊ व्हायलाच हवी होती.

आज एपेलीचं सुतक फिटणार होतं.

एपेली म्हणजे सेरेइमाचा भाऊ, केलेराचा बाप. वर्षापूर्वी होडी वाळूवर ओढता ओढता छातीत कळ येऊन तो तिथेच बसला, आणि उठला नाही. वर्षभर गावाने त्याच्या नावाने खडकांचा एक पट्टा बंद ठेवला होता. तिथे कुणी गळ टाकला नाही, जाळं टाकलं नाही. तो पट्टा आज पहाटे उघडला. दुपारी मोठं जेवण होतं आणि जेवणाला डोंगरावरची माणसं येणार होती. ती नुसती जेवायला येणार नव्हती. ती विनियानाला न्यायला येणार होती.

महिन्यापूर्वी विनियानाचा थोरला भाऊ वायसाके देवमाशाचा दात घेऊन खाली आला होता. तूप लावल्यासारखा पिवळा, जुना, जड दात. असा दात समोर ठेवून काही मागितलं तर नाही म्हणणं सोपं नसतं. त्याने आपली बहीण मागितली आणि बहिणीची पोर मागितली. बहीण न्या, असं समुद्राकडची माणसं लगेच म्हणाली; सेरेइमा तर सगळ्यांच्या आधी म्हणाली. पण पोर बापाची असते. पोर इथेच राहील.

“दात एका माणसासाठी आणला नव्हता,” वायसाके म्हणाला होता. “दोघींसाठी आणला होता. अर्धा दात परत देता का?”

गावच्या प्रमुखाच्या वतीने बोलायचा मान नेमानीकाकांकडे होता. म्हातारा चतुर होता. त्याला दातही ठेवायचा होता आणि भांडणही नको होतं. यंगोनाच्या मुळीचा काढा तीन वाट्या पिऊन झाल्यावर त्याने तोडगा काढला. डोंगराकडची आणि समुद्राकडची माणसं एका पंगतीला बसली की एक रीत पाळतात. समुद्राकडच्यांनी मासा खायचा नाही आणि डोंगराकडच्यांनी डुक्कर खायचं नाही. जे आपण आणलं ते आपण खायचं नाही, ते समोरच्याने खायचं. तर सुतक फिटेल त्या दिवशी पोरीला पंगतीच्या मधोमध बसवा, नेमानीकाका म्हणाले. दोन्ही तिच्यापुढे ठेवा. तिने मासा सोडला तर ती समुद्राची, डुक्कर सोडलं तर डोंगराची. पोरीला कुणी पढवायचं नाही.

हा तोडगा दोन्ही बाजूंना आवडला, कारण दोन्ही बाजूंना वाटलं की आपणच जिंकणार.

केलेराला आईबरोबर जायचं आहे की आत्याजवळ राहायचं आहे, हे कुणी विचारलं नाही. विनियानाला तर कुणी काहीच विचारलं नाही.

“हे बघ,” सेरेइमा आता म्हणाली. पढवायचं नाही हे तिला आठवत होतं. पण शिकवणं आणि पढवणं यांत फरक असतो, आणि तिने जन्मभर फक्त शिकवलं होतं. “आज पंगतीत तुझ्यापुढे मासा येईल. हेकरूची डोकी येतील, नारळाच्या दुधातली. तुला आवडतात. हात लावायचा नाही.”

“मग मी काय खाऊ? डुक्कर?”

“डुक्कर तुला चालतं. पण तुला ते आवडत नाही, मला माहीत आहे. म्हणून तर ही.” तिने कुइता उंच धरली. आठही हात आता दमून लोंबत होते. “कुइता मासा नव्हे. समुद्राच्या माणसाला पंगतीत ती चालते. पोटभर खा. उपाशी राहायला नको आणि रीतही मोडायला नको.”

केलेराने कुइताकडे बघितलं, मग आत्याकडे.

“आणि डोंगरावरची माणसं तिला काय म्हणतात, आत्या?”

“ती काहीही म्हणोत,” सेरेइमा म्हणाली. “कावळ्याला विचारून कुणी कोंबड्या मोजतं का?”

घरामागे विनियानाने चुलीवर पातेलं चढवलं होतं. नारळ खवून तयार होता. सेरेइमाने कुइता तिच्यापुढच्या पानावर टाकली.

“दुधात शिजव. बोट घातलं की तुटली पाहिजे. आणि मधल्या वाडग्यात वाढ, पोरीच्या हाताशी.”

विनियानाने कुइता उचलली आणि तशीच धरून राहिली. “वन्सं, पोरीच्या हाताशी हीच ठेवायची?”

“का? तुझी काही हरकत?”

“नाही. मी आपलं म्हटलं, पंगतीत आमच्याकडची माणसं असणार. ती हिला—”

“तुमच्याकडची माणसं हिला काय समजतात ते मी दहा वर्षांपूर्वीच ऐकलंय,” सेरेइमा म्हणाली. “मीठ बेताने घाल.”

विनियानाने तोंड उघडलं होतं ते मिटलं. तिने सुरी घेतली आणि कुइताचे हात एक एक करून कापायला लागली. दाराशी केलेरा उभी होती. तिने आईच्या मिटलेल्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं, मग ती आंघोळीला गेली.

दुपारी डोंगरवाले आले. पुढे चटयांच्या गुंडाळ्या घेतलेल्या बायका, मागे खांद्यावर काठी आणि काठीला कोनफळांच्या जुड्या लटकवलेले पुरुष, सगळ्यांत मागे चौघांनी उचललेलं अख्खं भाजलेलं डुक्कर. त्यांच्या पायांना लाल माती होती. सेरेइमाने ती माती बघितली आणि बसायच्या चटयांवरून नजर फिरवली, जणू चटयांची माफी मागत होती.

“या, वायसाके,” ती म्हणाली. “वाट सापडली का? समुद्र दिसला की थांबायचं असतं, एवढं लक्षात ठेवलं की झालं.”

“वासावरून आलो, सेरेइमाबाई,” वायसाके म्हणाला. तो रुंद, सावकाश बोलणारा माणूस होता. “तुमच्या गावाचा वास आमच्या दुसऱ्या वळणावरच लागतो.”

“तो मासळीचा वास. तुम्हाला काय, सगळी मासळी एकच.”

“आणि ही काय आहेत?” त्याने खांद्यावरची जुडी तिच्यापुढे ठेवली.

“कोनफळं.”

“बरोबर. आणि ही दुसरी?”

“तीही कोनफळंच.”

“अगदी बरोबर,” वायसाके म्हणाला आणि मागे वळून आपल्या माणसांकडे बघितलं. ती खाली मान घालून हसत होती. एका म्हातारीने तर पदराचं टोक दातांत धरलं. सेरेइमाला ते हसणं दिसलं, पण त्याचं कारण शोधायला ती थांबली नाही. जमिनीतून उपटून काढायच्या गोष्टीला नावं किती ठेवणार, असं तिला वाटलं. कंद तो कंद.

सभाघरात लांबच लांब कापड अंथरलं होतं. वरच्या टोकाला प्रमुख आणि नेमानीकाका बसले, त्यांच्या एका हाताला समुद्राकडची माणसं, दुसऱ्या हाताला डोंगराकडची. सेरेइमाला वयामुळे आणि बापाच्या नावामुळे वरच्या बाजूला जागा होती. खालच्या टोकाला, दाराजवळ, वाढणाऱ्या बायका. त्यांच्यातही सगळ्यांत शेवटी, हातपंखा घेऊन माश्या वारत, विनियाना.

केलेराला मधोमध बसवलं. तिने नवा झगा घातला होता आणि केसांत फूल नव्हतं. सुतक अजून फिटायचं होतं. तिच्यापुढे तीन गोष्टी ठेवल्या होत्या. डाव्या हाताला हेकरूचं डोकं, नारळाच्या दुधात डोळे उघडे ठेवून पडलेलं. उजव्या हाताला डुकराचा तुकडा, वरची कातडी भाजून तांबूस झालेली. आणि मध्ये वाडगा. भोवती उकडलेल्या कोनफळाचे पांढरे काप.

नेमानीकाकांनी प्रार्थना म्हटली. एपेलीचं नाव घेतलं. सगळ्यांनी पोकळ हातांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग कुणीच जेवेना. डोंगरावरच्यांनी कोनफळाचा घास हातात धरून ठेवला होता, समुद्राकडच्यांनीही. शंभरेक माणसं एका नऊ वर्षांच्या पोरीच्या उजव्या हाताकडे बघत होती.

केलेराने हेकरूच्या डोक्याकडे बघितलं. सेरेइमाने हातातला घास खाली ठेवला. पोरीला ते डोकं किती आवडायचं, ते तिला ठाऊक होतं. डोळ्याखालचा मऊ गोळा तर एपेली स्वतः काढून तिच्या तोंडात घालायचा. सेरेइमाला एकाएकी वाटलं की आपण हा पैजेचा खेळ मान्य करायला नको होता. भाऊ गेला. घरात दुसरं मूल नाही, तिला स्वतःला तर कधीच झालं नाही. ही पोर डोंगर चढून गेली की पहाटेच्या ओहोटीला टोपली डोक्यावर उलटी घालून उभं राहणारं कुणीच उरणार नाही. हा विचार पुरता उमटायच्या आत तिने तो झटकून टाकला आणि समोरच्या माती लागलेल्या पायांकडे बघितलं. ते बघितलं की तिला बरं वाटायचं.

केलेराने डोकं बाजूला सारलं.

मग तिने डुकराचा तुकडाही बाजूला सारला. अगदी तेवढाच, अगदी तसाच.

आणि वाडगा पुढे ओढून तिने कुइताचा एक हात उचलला, कोनफळाच्या कापावर ठेवला आणि खाल्ला. दूध हनुवटीवर ओघळलं ते मनगटाने पुसलं. दुसरा तुकडा उचलला.

सेरेइमाने श्वास सोडला. मासा सोडला. रीत पाळली. पोरीला फरक कळतो, आणि तो कुणी शिकवला हे या घरात प्रत्येकाला माहीत आहे. तिने मान ताठ केली आणि समोर बघितलं, वायसाकेचं पडलेलं तोंड बघायला.

वायसाकेचं तोंड पडलं नव्हतं. तो हसत होता. त्याच्या शेजारच्या म्हातारीने आनंदाने टाळी वाजवली, मग दुसरीने, आणि बघता बघता कापडाची ती अख्खी बाजू टाळ्या वाजवायला लागली.

“झालं,” वायसाके सावकाश म्हणाला. “बघितलंत सगळ्यांनी. भाचीने डुक्कर सोडलं. मासा खाल्ला.”

सेरेइमाला आधी वाक्यच कळलं नाही.

“कुठला मासा?”

“तो काय. खातेय ना.”

“ती कुइता आहे.”

“असेल. नाव काय ते तुम्हाला ठाऊक.”

“कुइता मासा नव्हे.”

“समुद्रातून आली ना?”

“समुद्रातून मीठही येतं,” सेरेइमा म्हणाली. “ते काय मासा आहे? कुणाकुणाचे बूट येतात वाहून, ते मासा आहेत? अरे, तिला काटा नाही.”

“आमच्याकडे जे खाऱ्या पाण्यात जिवंत असतं आणि ताटात मेलेलं असतं त्याला मासा म्हणतात,” वायसाके म्हणाला. “आमचे आजोबाही म्हणायचे. त्यांना कुणी बिनडोक म्हटलं नाही. आणि तुम्ही कासवाला काय म्हणता, सेरेइमाबाई?”

समुद्राकडच्या बाजूला कुणीतरी खोकलं.

“कासव मासा आहे,” सेरेइमा म्हणाली.

“चार पायांचं कासव मासा, आणि ही बिचारी बिनपायाची, ही नाही.” तो आता नेमानीकाकांकडे वळला होता. “काका, मी अडाणी माणूस. मला एवढंच कळतं की तुम्ही म्हणालात, डुक्कर सोडलं तर पोर डोंगराची. तो बघा डुकराचा तुकडा. जसा ठेवला तसा आहे.”

“आणि तो बघा मासा,” सेरेइमा म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तो चढल्याचा तिला राग आला. “तोही जसा ठेवला तसा आहे. ज्यांना टोपलीतलं काय ते ओळखता येत नाही, त्यांच्या शब्दावर आमची पोर जाणार? दहा वर्षं ही बाई आमच्या घरात राहिली, खेकड्याला मासा म्हणत. आम्ही ऐकून घेतलं. कीव करून ऐकून घेतलं. पण म्हणून—”

ती थांबली. तिला आत्ता कुठे दिसलं होतं. वाडगा पोरीच्या हाताशी ठेवायला तिनेच सांगितलं होतं. कुइता तिनेच धरली, तिनेच आपटली, तिनेच निवडली. डोंगरावरची माणसं कुइताला काय म्हणतात हे या गावात तिच्याइतकं कुणाला पाठ नव्हतं. रोज त्यावर हसून तर ती जेवायची. फक्त आज तेच शब्द पंगतीत समोर बसलेले असतील, कान उघडे ठेवून, आणि त्यांचंही मत धरलं जाईल, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. पातेल्याजवळ विनियानाने तोंड उघडलं होतं. मीठ बेताने घाल, असं सेरेइमाने सांगितलं होतं.

तिने खालच्या टोकाकडे बघितलं. विनियाना माश्या वारत होती. पंखा एका लयीत हलत होता.

नेमानीकाकांनी डोळे मिटले होते. म्हाताऱ्याचा चतुर तोडगा त्याच्या मांडीवर उपडा पडला होता आणि दोन्ही बाजू त्याच्याकडे बघत होत्या. त्याने एक डोळा उघडला.

“पोरीलाच विचारू,” तो म्हणाला. “तिने खाल्लं, ती सांगेल. बाळ, काय खाल्लंस तू?”

केलेराचं तोंड भरलेलं होतं. तिने घाई केली नाही. तोंडातला घास नीट चावला, गिळला, बोटं चाटली. तिने आत्याकडे बघितलं. मग मामाकडे बघितलं. दोघंही तिच्याकडे डोळे लावून होते, आणि दोघांच्या ओठांवर आपापला शब्द तयार होता. तिने म्हणायचा अवकाश, दोघंही तो तिच्याबरोबर म्हणणार होते. तिच्या तोंडाचा एक कोपरा खाली ओढला गेला. अगदी थोडासा. सेरेइमाने हा ओठ आरशात बघितलेला होता, पण समोरून, स्वतःवर रोखलेला, कधी बघितला नव्हता.

“कालवण,” केलेरा म्हणाली.



“काय?” नेमानीकाका म्हणाले.

“कालवण, काका. कोनफळाबरोबर कालवण खाल्लं.” ती शाळेत धडा म्हणून दाखवावा तशी सावकाश, नीट समजावून बोलत होती, जणू समोर बसलेली सगळी मोठी माणसं जरा मठ्ठ होती. “मासा कालवण असतो. डुक्कर कालवण असतं. कुइतापण कालवण असते. त्यातलं एक मी खाल्लं. मला भूक लागली होती.”

वरच्या टोकाला प्रमुख, जो पंगतीत कधी तोंड उघडत नसे, त्याने हातरुमालाने तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलत होते. नेमानीकाकांनी आपल्या पानातला कोनफळाचा काप उचलला.

“खोटं नाही बोलली,” ते शेवटी म्हणाले. वायसाकेने काही बोलायला हात उचलला, तेव्हा त्यांनी तो नुसत्या नजरेने खाली बसवला. “जेवा आता. सगळं निवतंय.”

माणसं जेवायला लागली. आधी बिचकत, मग भुकेने. वायसाकेने हेकरूचं डोकं आपल्याकडे ओढलं. समुद्राकडची पोरं डुकराच्या कातडीवरून भांडायला लागली. पोर कुणाची, ते कुणीच बोललं नव्हतं, आणि आता ते कुणालाच मोठ्याने विचारता येईना.

सेरेइमाने आपलं पान बाजूला सारलं. ती मधल्या जागेकडे बघत होती, जिथे आता कुणी नव्हतं.

केलेरा वाडगा घेऊन उठली होती. जेवणाऱ्यांच्या मधून जाताना लहान मुलांनी वाकून, हळू पुटपुटत माफी मागत जायचं असतं. तशीच ती वाकून गेली, डोंगराकडच्या पाठींमागून आणि समुद्राकडच्या पाठींमागून, थेट खालच्या टोकाला, दारापर्यंत. तिने आईच्या हातातला पंखा काढून घेतला आणि वाडगा तिच्या मांडीवर ठेवला. विनियाना नको नको म्हणत होती, वाढणाऱ्यांनी आधी खायचं नसतं म्हणत होती. केलेराने एक तुकडा उचलून तिच्या तोंडात घातला, तेव्हा तिचं बोलणं बंद झालं.

मग केलेरा आईला चिकटून बसली. तिने वर, कापडाच्या दुसऱ्या टोकाकडे मान वळवली आणि सेरेइमाकडे बघितलं. हाक मारली नाही. ती आईच्या अंगावर थोडी आणखी सरकली, आपल्या दुसऱ्या बाजूची चटई तळहाताने झाडली, तिच्यावर पडलेली लाल माती बोटांनी एकत्र करून दाराबाहेर टाकली, आणि वाडग्यातला पुढचा तुकडा उचलून तो हातातच धरून ठेवला.